काचेवरचं शेवाळ

सोलापूरकडच्या आमच्या दुष्काळी वाशीत खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारी मी पहिलीच असेन, आणि देव करो, शेवटचीही. लोकांना प्यायला पाणी नाही अन् हिनं घरात समुद्र आणून ठेवलाय, असं शेजारीण चार बायकांत म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. फक्त तिला कारण ठाऊक नव्हतं.

कारण होते आण्णा, माझे वडील. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डावा जाण्याच्या वाटेवर होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकेल तितकी टिकवायची. त्या दिवशी परत येताना एका दुकानातल्या टाकीत आण्णांना दोन नारिंगी मासे दिसले. खरोखर दिसले. निळ्या दिव्याखाली ते बोटानं दाखवत होते, ह्यो इकडं गेला, त्यो तिकडं. वर्षभरात त्यांनी मला आपणहून काहीच दाखवलं नव्हतं. मी तिथल्या तिथं तीन फुटी टाकी, मिठाची पोती, दिवा आणि पंप सांगून टाकला. महिनाभर पाणी मुरवलं आणि मग मासे आणले.

आमच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर उडून जायचं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची, तीही स्वयंपाकघरातल्या प्यायच्या पाण्याच्या फिल्टरमधल्या. हे काम आण्णांनी मागून घेतलं. सकाळी तांब्या घेऊन भिंतीच्या आधारानं यायचे, बोट बुडवून पातळी बघायचे आणि हळूहळू पाणी सोडायचे.

आधी वाळूवर तपकिरी साय आली. दुकानदार फोनवर म्हणाला, नव्या टाकीत येतेच, जाईल. ती गेली आणि हिरवं शेवाळ आलं, केसांसारखं लांब. दगडांवर, पंपाच्या तोंडावर, मग काचेवर. मी संध्याकाळी खरवडायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माशांचं खाणं अर्धं केलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या, त्या चार दिवस चरल्या आणि एकेक करून उलट्या पडल्या. शेवटी दुकानदारानं दिवा कमी करायला सांगितलं. शेवाळ उजेडावर जगतं म्हणे. आण्णाही त्याच उजेडावर जगत होते, हे त्याला काय सांगणार? आठ तासांचे मी चार केले. आण्णांनी तक्रार केली नाही. दिवा लागायच्या आधीच खुर्चीत येऊन बसायला लागले, एवढंच.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर आण्णा फिल्टरखालच्या बादलीतून तांब्या भरत होते. फिल्टर जे पाणी बाहेर टाकतो, ते आमच्याकडे कुणीच सांडू देत नाही. त्यात भांडी घासायची, फरशी पुसायची. मी विचारलं, हे कशाला घेताय?

"प्यायचं पाणी माशाला घालायचं व्हय? त्यायला खारंच लागतंय की. ह्ये बी खारंच हाय," ते शांतपणे म्हणाले.

रोज हेच घालत होते. बोअरच्या पाण्यातलं जे जे फिल्टरला नको, ते सगळं त्या बादलीत. बोअर आमच्याच रानाच्या बांधावर, आणि त्या रानात आण्णांनी आयुष्यभर खताच्या गोण्या रिकाम्या केलेल्या. तेच खत ते नकळत शेवाळाला पाजत होते. मला हसू यायला हवं होतं. मला आला राग, इतक्या महिन्यांच्या खरवडण्याचा.

"दिसत नाही, तर हात कशाला लावता?" मी म्हणाले.

आण्णांनी तांब्या खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी तो कधीच उचलला नाही. मी चार वेळा सांगून पाहिलं, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द गिळता येत नाही.

मग मी हट्टालाच पेटले. चांगलं पाणी साठवून त्यात मीठ कालवायचं, आठवड्याला टाकी थोडी थोडी उपसायची, दगड काढून दात घासायच्या ब्रशनं घासायचे. तीन दिवस टाकीवर काळी ताडपत्री टाकून अंधार केला. ते तिन्ही दिवस आण्णा ताडपत्रीसमोर बसून होते. पुढं दोन महिने गेले. शेवाळ मुळापासून सुटायला लागलं, आणि श्रावण सरता सरता काच आरशासारखी लख्ख झाली.

मी दिवा पूर्ण लावला आणि आण्णांना हाताला धरून आणून बसवलं. दोन्ही मासे त्यांच्या नाकासमोर, काचेला तोंड लावून उभे होते. आण्णा बराच वेळ बघत राहिले. सांगते ते खोटं नाही, मी शाबासकीची वाट बघत होते.

"काच पुसून घे, माय," ते म्हणाले. "लई शेवाळ झालंय."

मी खरवडणी घेतली आणि स्वच्छ काचेवर वरून खाली घासायला लागले. पाण्यात तिचा कर्रकर्र आवाज होत होता. निघतंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, निघतंय, आण्णा.

त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली.