पहिला फोटो खोटा

आमच्या धंद्यात काम थोडं आणि थांबणं फार. उजेडासाठी थांबा, नवरदेवाचा फेटा बांधून होईपर्यंत थांबा, प्लेट वाळेपर्यंत थांबा. आणि चार माणसं एका जागी थांबली की बोलणारच! जळगावला नानांच्या स्टुडिओतल्या बाकावर मी ऐन उमेदीची दहा-बारा वर्षं थांबलो. तिथले फोटो किती टिकले कोण जाणे, किस्से मात्र अजून जसेच्या तसे आहेत.

नाना म्हणजे आमच्या गल्लीतले सर्वांत जुने फोटोग्राफर. सागवानी स्टँड कॅमेरा, डोक्यावर काळं कापड आणि एका वेळी एकच फोटो उमटणारी काचेची प्लेट. दोन दारं सोडून माझं छोटं दुकान. आणि धुळ्याचे इब्राहिमभाई दर गुरुवारी एसटीने यायचे. फोटोंना हाताने रंग भरण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खानदेशात नव्हता. असं आमचं तिघांचं मंडळ!

*

नानांची एक रीत होती. पहिला फोटो नेहमी खोटा! कॅमेऱ्यात प्लेट घालायचीच नाही. कापडात डोकं घालायचं, लेन्सची टोपी काढायची, तीन आकडे मोजायचे, टोपी लावायची. गिऱ्हाईक आधी खांबासारखं ताठ बसायचं, आणि 'झाला' म्हटलं की श्वास सोडायचं. मग नाना प्लेट घालायचे, "हलू नका" म्हणायचे आणि खरा फोटो घ्यायचे. खोट्या फोटोला मात्र ते "हलू नका" कधी म्हणत नसत. हलल्याने बिघडणार काय?

पुढे ही युक्ती गावभर झाली. लोक पहिल्या फोटोला खुशाल पान चघळत बसायचे आणि दुसऱ्याला ताठ व्हायचे. मग नानांनीही डाव उलटवला. पारोळ्याकडचे एक शेतकरी पाटील आले, आल्या आल्या म्हणाले, "पहिला खोटा शे ना, नाना?"

"हो हो, खोटाच," नाना म्हणाले आणि गुपचूप पहिल्यालाच प्लेट घातली. पाटील ऐसपैस बसले, मिशीतल्या मिशीत हसले. असा सुरेख फोटो मी आयुष्यात पाहिला नाही.

चार दिवसांनी पाटील फोटो परत घेऊन हजर! "नाना, हाऊ तर मी घर बठस तसा शे! माले फोटोवाला मी पाहिजे!"

*

प्लेट घालून कॅमेऱ्यात सरकवायची एक चपटी लाकडी पेटी असते. आम्ही तिला स्लाइड म्हणायचो. एकदा धुळ्याला एका लग्नात इब्राहिमभाईंनी नानांना आणि मला मदतीला बोलावलं होतं. मांडवात नवरानवरी सज्ज, दोन्हीकडची मंडळी ओळीत उभी. इब्राहिमभाईंनी स्लाइड नानांच्या हातात दिली. नानांनी ती तळहातावर क्षणभर धरली आणि परत केली.

"रिकामी आहे."

"अहो, मी स्वतः भरलीय!"

"रिकामी आहे, इब्राहिमभाई."

आत नेऊन उघडली. रिकामी! इब्राहिमभाईंनी कानाला हात लावले. "ह्यांना कापसाच्या बाजारात बसवा रे, काटा लागायचा नाही!"

परतताना एसटीत मी नानांना विचारलं, काचेचं वजन असून असून असणार किती, तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, "वजनाचं नाही हो. आत काच असली की हात जरा घाबरतो."

*

मग माल गायब व्हायला लागला. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या वस्तूंवर सरकार बंधनं आवळत गेलं, आणि आमच्या धंद्याचं तर बहुतेक सगळंच बाहेरचं. पहिला घाव बसला इब्राहिमभाईंना. त्यांचा जीव फोटो छापायच्या एका दुधी, सायीच्या रंगाच्या कागदावर होता. मुंबईच्या झाडून सगळ्या दुकानदारांना त्यांनी पत्रं धाडली. सगळ्यांचं उत्तर एकच, माल नाही. महिनाभर त्यांनी ब्रशला हात लावला नाही. गुरुवारी यायचे, बाकावर बसायचे आणि पुढच्या गाडीने परत जायचे. इतका बोलका माणूस गप्प बसलेला आम्हाला बघवत नसे.

एका गुरुवारी मात्र दारातूनच ओरडले, "जमलं!" पांढऱ्याफटक कागदावर छापलेला फोटो त्यांनी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला होता. रंग अगदी तस्साच! त्या दिवसापासून त्यांना इतका हुरूप आला की घरात चहाची पूड पुरेना. आज कमी उकळ, उद्या जास्त उकळ, वहीत टिपणं काय, विचारू नका! पन्नाशीचा माणूस पोरासारखा नाचत होता.

फक्त एकदा घाईत त्यांनी स्वयंपाकघरातलं चहाचं आयतं आधण उचललं. नवरदेवाच्या वडिलांनी फोटो हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "मास्तर, वेलदोडा छान लागलाय. साखर घातली होती का?"

*

माझं म्हणाल तर मी काळाबरोबर वाहणारा माणूस. रोलचा कॅमेरा घेतला आणि मोकळा झालो. नानांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी स्वतःच दुकानात आले. कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला.

"एका रोलमध्ये फोटो किती?"

"बारा."

"मग विचार कधी करता?"

 

*

शेवटी नानांच्या प्लेटाही यायच्या थांबल्या. खोक्यात उरली एक. काळ्या कागदात गुंडाळलेली, डार्करूमच्या फळीवर. नानांनी आम्हा दोघांसमोर सांगून टाकलं, "ही प्लेट आहे तोवर फिल्मला हात लावणार नाही. आणि ही उगाच कुणावर खर्चणार नाही. हिच्यावर हिच्या तोलाचाच चेहरा येईल."

झालं! चेहरे येत होते आणि परत जात होते. भुसावळहून रेल्वेतले एक साहेब आले. कडक इस्त्री, सोनेरी चष्मा. सवयीने नानांनी आधी खोटा फोटो घेतला, मग दुसऱ्याची वेळ आली तेव्हा नुसतेच उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"साहेब, प्लेट एकच आहे."

"मग घ्या की!"

नानांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमचा चेहरा अजून वीस वर्षं सहज टिकेल," म्हणाले, आणि त्यांना माझ्या दुकानात पाठवलं!

आम्ही हसलो खरे, पण हसण्यासारखं ते नव्हतं. इब्राहिमभाईंनी बजावलं, "नाना, प्लेट लोणच्यासारखी मुरत नाही. शिळी होते." नाना ऐकतील तर शपथ! अमळनेरला त्यांच्या मेहुण्याने तेलाच्या कारखान्यात डबे मोजून घ्यायची नोकरी बघून ठेवली होती. दिवाळीपर्यंत धंद्याचं काही जमलं नाही तर स्टुडिओ बंद करून तिकडे जायचं, असं ठरत आलं होतं. नानांसारख्या माणसाने डबे मोजायचे! आणि माझा स्वार्थही सांगतो. गल्लीतला एक फोटोग्राफर कमी झाला तर धंदा माझाच वाढणार होता, पण मी बोलणार कुणाशी?

*

आता शेवटचं सांगतो.

गिऱ्हाईक थांबलं तरी नानांनी हात थांबवला नाही. रोज सकाळी नऊला, वरच्या काचेतून उजेड नीट उतरला की, कॅमेरा लावून ते एक फोटो घ्यायचे. अर्थात खोटा, रिकामी स्लाइड घालून. "हात बसलेला राहिला पाहिजे," म्हणायचे. समोर कुणीतरी हवं, म्हणून अक्का बसायच्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी, माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं. वीस वर्षं नानांच्या प्लेटा धुतल्या, पण स्वतःचा फोटो एकही नाही, कारण प्लेट गिऱ्हाइकांसाठी! त्या सुपात डाळ घेऊन बसायच्या. नाना आकडे मोजायचे, त्या खडे वेचायच्या. आठ महिने हे असं रोज चाललं होतं.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली होती. सकाळी मी गेलो तर अक्कांनी मला मागच्या दाराशी बोलावलं.

"भाऊ, त्यासले काही सांगू नका. आज स्लाइडमा प्लेट शे. मीच भरी."

"अक्का, ती शेवटची?"

"हाँ. ती शे तोवर हाऊ माणूस वाट देखत बसी. दिवाळी उनी का दुकान बंद. माना फोटो नही उना तरी चाली, पण ती प्लेट सरी गयी पाहिजे."

प्लेट संपली की नाना फिल्म हाती घेतील, दुकान वाचेल, हा त्यांचा हिशेब. आणि सूप घेऊन त्या नेहमीसारख्या जाऊन बसल्या.

मी बाकावर टेकलो. सांगावं तर अक्कांचा विश्वासघात, न सांगावं तर नानांचा. तोवर नानांनी कॅमेरा लावला, कापडात डोकं घालून पाहिलं, बाहेर आले आणि फळीवरची स्लाइड उचलली.

उचलली आणि थांबले.

ती तळहातावर तशीच धरून ते बराच वेळ उभे होते. मी जमिनीकडे पाहत होतो. अक्का डाळीतले खडे वेचत होत्या, पण बोटं एकाच दाण्यावर फिरत होती.

नानांनी स्लाइड कॅमेऱ्यात घातली. स्लाइडचं झाकण वर ओढलं. मग त्यांनी अक्कांकडे पाहिलं, पुढे जाऊन त्यांच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि परत येऊन लेन्सच्या टोपीला हात घातला.

"हलू नको हं," नाना म्हणाले.