आयसेलला पाणी चढलं तेव्हा

आयसेल नदीच्या एका काठाला आलेइडा राहायची आणि दुसऱ्या काठावरच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. मधे नदी. रोज पहाटे सायकल घेऊन ती रूलोफच्या फेरीबोटीवर चढायची आणि पलीकडे उतरली की लगेच स्वयंपाकघरात पोचायची. सायकल आईच्या वेळची, काळी, बिनगिअरची आणि भलतीच जड. हँडलला ब्रेक नाही. पेडल उलटं दाबलं की थांबायची.

रूलोफ आणि ती एकाच शाळेत शिकलेले. पण गेल्या ऑक्टोबरात गावच्या सभेत आलेइडा उभी राहिली आणि म्हणाली, "बोट वेळेवर सुटत नाही. आमचे म्हातारे नाश्त्यासाठी ताटकळत बसतात." खोटं काहीच नव्हतं, पण ते चारचौघांत बोललं गेलं. तेव्हापासून रूलोफने अबोला धरला. तिकीट हातात द्यायचा आणि तोंड फिरवायचा. आपण होऊन बोलायला तीही तयार नव्हती.

त्या हिवाळ्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. नाताळच्या आधीच नदी पात्र सोडून कुरणांत पसरली आणि बोट बंद झाली. मग आलेइडाला पुलावरून वळसा पडू लागला. वाट सगळी नदीकाठच्या उघड्या बांधावरून, वारा समोरून. वाऱ्याचा जोर वाढला की बाकीचे लोक गिअर बदलतात. ही सीटवरून उठून पेडलवर उभी राहायची आणि नदीला शिव्या घालायची. पावसाचं पाणी मानेवरून आत शिरून थेट मोज्यांपर्यंत पोचायचं.

"माझी गाडी घेऊन जा ना," तिची बहीण हिल्ये म्हणायची.

"मला गाडी चालवायची भीती वाटते, तुला माहीत आहे."

"मग बसने जा."

"पहिली बस येईपर्यंत माझ्या म्हाताऱ्यांना काय, दुपारी लापशी घालू?"

जानेवारीतल्या एका सकाळी, अजून उजाडायचं होतं तेव्हा, ती बांधावरून पुलाच्या रस्त्याकडे उतरत होती. ऐन उतारावर चेन निसटली. तिने पेडल उलटं दाबलं तर ते नुसतंच फिरलं. सायकल वळणावर वळलीच नाही. कुंपणाचा खांब मोडून ती सरळ खालच्या कुरणात साचलेल्या पाण्यात गेली. दिवा विझला. फोन पिशवीसकट भिजला. कशीबशी ती गवतापर्यंत सरपटत आली, पण उजव्या पायावर उभं राहवेना. पाय मोडला, असंच तिने धरलं. आता हा हिवाळा घरात, आणि पुढेही कोण आपल्याला सायकलवर बसू देणार? रडू आलं, पण पावसात ते तिचं तिलाच कळलं नाही.

थोड्या वेळाने बांधावर टॉर्च हलताना दिसली.

"कोण आहे खाली? आलेइडा?"

आवाज रूलोफचा होता.

"नाहीतर कोण? दुसरं कोण येतंय इथे मरायला?"

"मरणारं माणूस एवढं तोंड चालवत नाही. पाय हलव बघू."

"हलतोय. दुखतोय खूप."

"मग मोडला नसेल."

"तू कधी झालास डॉक्टर?"

तो वाकून तिला आधार देऊ लागला. धापा टाकत होता. सायकल दामटत आला असावा.

"तू इकडे कसा पण?" तिने विचारलं.

"माझ्या स्वयंपाकघरातून बांध दिसतो. बोट बंद असली तरी झोप त्याच वेळेला मोडते. तुझा दिवा पुलापर्यंत गेलेला दिसला की मी कॉफी ठेवतो. आज तो मधेच गेला."

"रोज बघतोस?"

"दुसरं काय आहे बघायला? सगळं पाणीच पाणी."

आलेइडाने त्याच्या खांद्यावर भार टाकला. मग म्हणाली, "सभेत नको होतं बोलायला मी. आधी तुला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी काय ऐकणार होतो?"

"नाहीच."

"नाहीच. थंडीत इंजिन सुरू होत नव्हतं गं. सांगायची लाज वाटली."

त्याने तिला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि हँडल धरून चालत स्वतःच्या घरी नेलं. डॉक्टरांनी येऊन घोटा दाबून पाहिला. "मुरगळलाय फक्त," ते म्हणाले. "आठवडाभर आराम करा. मग खुशाल सायकल चालवा."

"सायकल चालवली तर चालेल?" तिने पुन्हा विचारलं.

"चालेल म्हटलं ना. चेन तेवढी घट्ट करून घ्या."

तिने मागे डोकं टेकलं आणि कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला. इतक्यात रूलोफ वृद्धाश्रमात फोन करून आत आला.

"लापशी मॅनेजरबाईंनी केली. करपली," तो म्हणाला. "म्हातारे बंड करून बसलेत. ब्रेडसुद्धा घेत नाहीत. आलेइडा कधी येणार, एवढंच विचारतायत."

ती हसायला लागली ती थांबेचना. पाय ठणकत होता, अंगावर रूलोफचा ढगळ स्वेटर होता, बाहेर पाऊस चालूच होता. हिल्ये न्यायला आली तेव्हा ती खुर्चीत गाढ झोपलेली होती. रूलोफने दारातच बोट ओठांवर ठेवलं आणि हिल्येसाठी आणखी एक कप काढला.