वारा सुटला की हे जातात कुठे?

आता काय सांगू, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मी चक्क रिक्षा करून गेले होते. वर सोबत साक्षीदारही नेला होता. तुम्ही चहा घ्या, गार होईल. सांगते.

आमच्या मीरा रोडला फेब्रुवारी-मार्चात असा वारा सुटतो की खिडकीतली चिमट्यांची परडीसुद्धा जागेवर राहत नाही. अशा दिवशी लोक काय काय करतात. मुलं गच्चीवर पतंग घेऊन चढतात. जोडपी उत्तनच्या किनाऱ्यावर जाऊन उडत्या केसांचे फोटो काढतात. बायका दोरीवरचे कपडे सांभाळत बसतात. आणि मी काय करते? मी नवऱ्यावर लक्ष ठेवते.

हसू नका. माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तरी मी आधी पिशवीतले टोमॅटो दाबून बघते. त्यात हे रिटायर झाले आणि आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडच्या हाटकेश भागात राहायला आलो. गिरगावात संशय घ्यायला अख्खी चाळ होती. इथे घरात माणसं दोन, त्यातली एक मी. मग उरलं कोण?

तर वारा सुटला की हे बाहेर पडायचे. "जरा पाय मोकळे करून येतो." वारा नसेल त्या दिवशी पाय बांधलेलेच. दुपार कलली की परत यायचे ते मोगऱ्याच्या अत्तराचा घमघमाट घेऊन. आल्या आल्या आंघोळ. आणि वर स्वतःचा शर्ट स्वतः धुवायचे. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून चहाचा कप उचलून मोरीपर्यंत नेला नाही, तो कॉलरला ब्रश मारतोय! जेवायला बसले की अर्धी पोळी. "भूक नाही गं." म्हणजे कुणीतरी जेवायला घालतंय. माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि मग तिने तिथेच बिऱ्हाड केलं.

एका सकाळी हे दाढी करत असताना त्यांचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'हवामान'. मी उचलला.

"आज वारा झकास हाय," बाईचा आवाज. "येता ना?"

"कोण बोलतंय?"

फोन कट. आता मला सांगा, हवामान खात्यातल्या बाया घरोघरी फोन करून 'येता ना' असं विचारतात का?

"कोणाचा गं?" हे तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आले.

"हवामानाचा."

"काय म्हणाले?"

"वारा झकास आहे म्हणाले."

यांनी अर्धी दाढी तशीच सोडली आणि शर्ट चढवला. आत्तापर्यंत मी संशय घ्यायची ती सवयीने. त्या दिवशी पहिल्यांदा खरंच भीती वाटली.

मी तडक समोरच्या ज्योत्स्नाबेनचं दार वाजवलं. त्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं. म्हणजे माझ्यामुळेच झालं, पण त्यांच्यासमोर झालं. नव्या इमारतीत ही माझी एकुलती एक मैत्रीण. राहायला आलो त्याच दिवशी थेपले घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, "आप लोग नॉनवेज तो नहीं ना?" विंगमध्ये बहुतेक घरं शाकाहारी. पहिल्याच दिवशी नाक मुरडलं जायला नको म्हणून मी म्हटलं, "छे छे, हम तो कांदा भी सोच के खाते." कोण बोलतंय हे? बोंबलावर पोसलेली मी!

तेव्हापासून आमच्याकडे मासे म्हणजे चोरीचा मामला. खिडक्या बंद, पंखा बंद, स्वयंपाकघरात तीन अगरबत्त्या. सुक्या मासळीला तर घरात बंदीच, कारण तिचा वास अगरबत्तीला जुमानत नाही. यांचा जीव सुक्या बोंबलात, पण बिचारे चकार शब्द बोलले नाहीत. ज्योत्स्नाबेनना मात्र अधूनमधून शिंकांचा त्रास. वाऱ्याने धूळ येत असणार म्हणून मीच त्यांना आल्याचा रस नि मध नेऊन द्यायची. एवढा जिव्हाळा. ही मैत्री तुटली असती तर हाटकेशात मला कुत्रंही विचारणारं नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि चपला घातल्या. "अकेली मत जाना. ऐसे टाइम पे गवाह चाहिए."

यांची रिक्षा पुढे, आमची मागे. पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला उतरलो तरी यांची रिक्षा थांबेना. वाऱ्याने ज्योत्स्नाबेनचा पदर सारखा रिक्षावाल्याच्या डोळ्यांवर जायचा. तो बाजूला करत त्याने विचारलं, "मॅडम, आगेवाला कौन है?"

"मेरा नवरा."

"फिर हॉर्न नहीं बजाता," असं म्हणून त्याने रिक्षा अशी काही हळू केली की एक म्हातारा आम्हाला सायकलवरून मागे टाकून गेला.

राई गावात शिरल्यावर एका कौलारू घरापाशी हे उतरले. कुंपणाचं फाटक स्वतःच्या हाताने उघडून, जावयासारखे आत गेले. बाहेरून हाक नाही, काही नाही. इतकी ओळख! ज्योत्स्नाबेननी माझा हात घट्ट धरला. "रोना नहीं. पहले पकड़ना, फिर रोना."

मी फाटक ढकललं आणि डोळे मिटून ओरडले, "अहो, बाहेर या. मला सगळं कळलंय!"

हे बाहेरच होते. डोळे उघडले तर अंगणात बांबूंना दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर बोंबीलच बोंबील, आणि मधोमध आमचे हे. बनियनवर, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अर्ध्या गालाला वाळलेला फेस. एका बोंबलाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून जोडी दोरीवर टाकत होते. घरी ओला टॉवेल पलंगावर टाकणारा हा माणूस! बाजूला टोपली धरून एक बोळक्या तोंडाची म्हातारी उभी. यांच्या ऑफिसातल्या जनार्दनची आई. हीच ती 'हवामान'.

यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, आणि हातातली जोडी खाली पडली.

"अगं," हे अगदी हळू म्हणाले, "यांना कशाला आणलंस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सवत नव्हती याचा आनंद पुरता व्हायच्या आत माझ्या पाठीशी उभा असलेला साक्षीदार आठवला.

"ये तो इनके दोस्त का है," मी घाईघाईने म्हटलं. "ये सिर्फ मदत करते. हम लोग तो…"

"कोण, वहिनी काय?" म्हातारी खुलली. "या, बसा. वारा हाय तवर सुकं चांगलं होतं, माशी बसत न्हाय. म्हनून मी यांना फोन करते. दुपारी भाकरी नि भाजलेला बोंबील खातात, पन रोज तेच. वहिनीसारकी बोंबलाची चटनी कोनाला जमत न्हाय म्हनतात. लय आठवन काढतात चटनीची."

ज्योत्स्नाबेनचा जन्म भाईंदरचा. त्यांना मराठी माझ्याइतकंच कळतं. माझी चटणी तिथेच झाली.

परतीच्या रिक्षात हे पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला टेकून बसले आणि मागे आम्ही दोघी. ज्योत्स्नाबेन नाकाला पदर लावून बाहेर बघत होत्या. हे खिशातून अत्तराची बाटली काढायला लागले. मी म्हटलं, "राहू दे आता." इमारत जवळ आली तशी मला राहवेना. खरंच रडू आलं.

"ज्योत्स्नाबेन, मैंने आपसे झूठ बोला. आप गुस्सा है ना?"

त्यांनी पदर खाली घेतला. "कौन सा झूठ? मच्छी का? वो तो पहले हफ्ते से मालूम है. तुम खिड़की बंद करती हो, पर किचन की जाली से सब हवा सीधा मेरी बाल्कनी में. पूरी विंग जानती है."

"फिर आपने कुछ बोला क्यों नहीं?"

"तुम इतने प्यार से छुपाती थी, तो बोलना अच्छा नहीं लगा." मग त्या जरा घुटमळल्या. "पण आज निकला है तो एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

मी डोळे पुसले, हात जोडले. मनात म्हटलं, आता काय सांगतील ते कबूल. मासे सोडा म्हटलं तर मासे सोडीन.

"मच्छी तुम आराम से बनाओ," ज्योत्स्नाबेन म्हणाल्या. "बस वो अगरबत्ती बंद करो. शिंक शिंक के मेरा जीव गया, और ऊपर से तुम आले का रस पिलाती हो."