न दिसलेला काळा सुतार

हमीदभाई गेल्याचं त्यांच्या मुलाने, इरफानने, फोनवर सांगितलं तेव्हा मी घनसावंगीच्या घरात बाजाराची पिशवी शोधत होतो. दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावचा आठवडी बाजार होता. पिशवी आपली नावाला. खरं काम असायचं ते हमीदभाईंच्या दोर-ताडपत्रीच्या दुकानात बसून चहा प्यायचं, आणि चहाबरोबर त्यांच्या एका प्रश्नाला तोंड द्यायचं. प्रश्न नेहमी एकाच पक्ष्याबद्दल असे. आता दीड महिना होत आला, पण बाजाराचा दिवस उजाडला की आज काय विचारतील, हेच आधी मनात येतं.

पिंपळगावच्या शाळेत मी शिक्षक होतो तेव्हाची आमची ओळख. हिवाळ्यात गावाबाहेरच्या तलावावर चक्रवाक उतरायचे, ते बघायला आम्ही दोघेच बांधावर असायचो. माणूस हाडाचा व्यापारी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहनी, तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा दुकानातला नेम त्यांनी पक्ष्यांनाही लावला होता. सकाळी पहिला जो पक्षी दिसेल तो, मग कावळा का असेना, आपणहून उडून जाईपर्यंत बघायचा. मी चक्रवाकाकडे ओढत असायचो आणि हे चिमणीपुढे हात बांधून उभे! “बोहनी हाय सर,” म्हणायचे, “तिला टाळलं तर दिवसभर बरकत न्हाई.”

त्यांच्या दुकानात एक जुनं कॅलेंडर होतं. साल उलटून गेलं तरी ते उतरलं नाही, कारण त्यावर अंदमानचा काळा सुतार पक्षी होता. अंग कोळशासारखं आणि डोक्यावर लालभडक तुरा. “सुतार आपल्याकडं बी हाय, पर ह्यो फकस्त त्या बेटावर,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझ्या निवृत्तीनंतर संभाजीनगरचा एक गट पक्षी बघायला अंदमानला निघाला, सोबत तिथलाच वाटाड्या मिळणार होता. हमीदभाईंनी माझ्याआधी होकार कळवला. “जल्दी करा सर, गुडघे साथ देतेत तवर.” त्यांच्या बायकोला, भाभींना, मात्र विमानाची धास्ती. त्या काही आल्या नाहीत.

बेटावरच्या पहिल्याच सकाळी वाटाड्या आम्हाला जंगलातल्या पायवाटेने घेऊन निघाला. काळ्या सुताराची जागा त्याला ठाऊक होती. तोंडावर बोट ठेवून आम्ही त्याच्यामागे चाललो होतो आणि वाटेच्या तोंडाशीच एक साळुंकी उतरली. साधी, आपल्या उकिरड्यावर असते ती! हमीदभाई थांबले. मी बाही ओढली. “अहो, समुद्र ओलांडून साळुंकी बघायला आलात का?” तर म्हणाले, “बोहनी सोडून कसं चालंल? तुमी व्हा पुढं, आलोच.” आम्ही वळणाआड गेलो आणि समोरच्या वाळलेल्या खोडावर तो बसलेला. ठकठक ठकठक... ढलप्या खाली पडत होत्या. जरा वरच्या अंगाला त्याची मादी. मी मागे वळून हातवारे केले, पण वळणापलीकडे कोण बघणार? हमीदभाई पोचले तेव्हा खोड तेवढं उरलं होतं. पुढचे सगळे दिवस वाटाड्याने जीव तोडून शोधलं, पण सुतार काही पुन्हा दिसला नाही. मला फार वाईट वाटलं, रागही आला. एका साळुंकीपायी! ते परतीच्या विमानात एवढंच म्हणाले, “तुमी बघितला ना? मंग झालं. आता तुमी सांगत जा.”

आणि मी पाहिलेल्याची वसुली सुरू झाली. दर बाजाराला ते दुकानामागच्या घराचा पडदा सारून आत जायचे, चहाचे कप घेऊन बाहेर यायचे, आणि खाली बसता बसता विचारायचे, “सर, खोडावर बसताना त्यो शेपूट टेकवतो का?” कधी, “डोळा कसा होता?” कधी, “ढलपी पडली की खाली बघतो का?” मी पाहिलेलं सगळं आठवून आठवून सांगायचो. कधीकधी वैतागायचो, या माणसाचं समाधान का होत नाही म्हणून. शेवटच्या बाजाराला गिऱ्हाइकांची गर्दी होती. “एक विचारायचं राह्यलं, पुढच्या बाजाराला,” म्हणाले. आणि पुढच्या बाजाराआधीच झोपेत गेले.

गेल्या बाजाराला मी धीर करून दुकानात गेलो. कॅलेंडर जागेवर होतं. गल्ल्यावर इरफान होता. भाभींची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचा एकांत, चालू असल्याने त्या पडद्याआडूनच बोलल्या. चहा बाहेर आला. मग त्या म्हणाल्या, “सर, एक इचारू? मादीला बी तसाच तुरा असतो का?”

मी कप खाली ठेवला आणि पडद्याकडे वळलो.

“तेवढं इचारायचं राह्यलं होतं,” त्या सांगू लागल्या. “ते अंदमानवरून आले तवा बोलले, मैं भी नै देखा, तू भी नै देखी, अब दोनों मिलके देखेंगे. मी चहा करताना इचारायची, ते तुमाला इचारायचे. रात्री सगळं बराबर सांगायचे मला.”

म्हणजे इतकी वर्षं मी पडद्यामागच्या बाईला उत्तरं देत होतो! पण उत्तर तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो, “असतो भाभी. पण मादीचं कपाळ काळं असतं, लाल तुरा मागून सुरू होतो. नराचं कपाळापासूनच लाल.”

“मंग कॅलेंडरातला नर हाय?”

“हो, नरच.”

“हां...” पडद्याआडून समाधानाचा आवाज आला. “ह्यांना सांगते आता...”

आणि त्या थांबल्या. इरफानने गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतली. बाहेर बाजार चालू होता. मग पडद्यामागून रिकामा कप मागायला हात पुढे आला. मी कप दिला आणि म्हणालो, “पुढच्या बाजाराला येतो भाभी. काय विचारायचं ते ठरवून ठेवा.”