दुसऱ्या मीटरची चूल

साठी उलटल्यावर लिहायला बसणे हे धाडसच आहे. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्यातून विषय विजेच्या दराचा, ज्यावर आमच्या घरात प्रत्येकाचे मत माझ्याहून ठाम असे.

नव्वदचे दशक सरत असताना मुरबाडजवळच्या आमच्या घरी फ्रिज आला आणि बिल फुगले. सासूबाईंनी शिकलेल्या सुनेला जाब विचारला. मी भीत भीत सांगितले, की वीज बहुतेक कोळशावर तयार होते, तो महागला की दर चढतो. शिवाय वापर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की पुढचे युनिट चढ्या दराने मिळते.

“जास्त घेतलं तर महाग? म्हशाच्या जत्रेत दोन घोंगड्या घेतल्या तर भाव उतरून देतात गो! ह्यो कसला दुकानदार?”

दोन मीटर असते तर दोन्ही खालच्या दरात राहिले असते, असे मी केवळ उदाहरणादाखल म्हटले. सासूबाईंनी उदाहरण अमलात आणले. दुसरे मीटर वेगळ्या कुटुंबालाच मिळे, आणि वेगळे कुटुंब म्हणजे वेगळी चूल. धाकटे दीर आणि जाऊ यांची चूल मागच्या पडवीत मांडली गेली, अर्थात तपासणीपुरतीच.

शेजारच्या काकू डोळे पुसत आल्या. “काय गो झालं? इतकं एकत्र होतात तुमी!”

“काय नाय झालं. मीटर पायजे,” सासूबाई म्हणाल्या. काकूंनी आणखी थोडे रडून घेतले.

थंड चुलीवर वीज मंडळाच्या साहेबांचा विश्वास बसणार नाही, म्हणून जावेने तपासणीच्या सकाळी खरोखरच तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण केले. लग्नानंतर प्रथमच तिने मीठ स्वतःच्या अंदाजाने घातले. साहेबांनी चूल पाहिली आणि हळहळून विचारले, “भांडण कशावरून झालं, आजी?”

“तुमच्या दरावरून!”

मीटर बसले. सासूबाई जावेला म्हणाल्या, “आता इझव ती चूल.”

“आई, सायेब परत आले तर?”

या प्रश्नावर चूल काही वर्षे पेटत राहिली. मग दर पुन्हा बदलले. वापर कितीही असो, प्रत्येक मीटरमागे द्यावा लागणारा स्थिर आकार वाढला, आणि दोन मीटरांची बचत त्यातच संपली. घरात हे फक्त मला उमगले होते.

एकदा सासूबाईंनी जावेच्या देखतच विचारले, “तू शिकलेली. सांग, दोन मीटर परवडतात का? नायतर एक काढू, नि चूल पण.”

जाऊ फुंकणी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

“पुढचं बिल येऊ दे, आई,” मी म्हटले. आणि प्रत्येक बिलानंतर तेच म्हणत राहिले. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितले असते?