प्रयागबाईंच्या तीन मोटारी

अमृतराव पंचेचाळीस साली हिवतापानं गेले आणि आदिलाबाद ते किनवट चालणारी त्यांची तीन प्रवासी मोटारींची कंपनी प्रयागबाईंच्या गळ्यात पडली. मूलबाळ नाही. दीर म्हणाले, "विकून टाका वैनी, हे बाईमाणसाचं काम नाही." प्रयागबाईंनी विकली नाही. स्टेअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही, पण तिन्हींपैकी कोणतं इंजिन कुठं अडखळतं, ते त्यांना घराच्या ओट्यावर बसून कळायचं.

रझाकारांच्या दिवसांत त्यांनी तिन्ही मोटारी तलमडुगु गावी कडब्याच्या गंजीत लपवल्या. पोलीस ॲक्शननंतर नवे हाकीम आले. नवी दरखास्त, नवे परवाने. दर खेपेला बाई पूजा आटोपून कचेरीच्या बाकावर जाऊन बसायच्या. परत यायच्या तेव्हा पाय सुजलेले असायचे.

मग छप्पन साल आलं. किनवट मुंबई राज्यात जाणार, आदिलाबाद आंध्रात. सीमा त्यांच्याच रस्त्यावरून जायची होती. परवान्याच्या कचेरीतले कारकून वामनराव दसऱ्यालाच म्हणाले होते, "प्रयागबाई, एक नोव्हेंबरला मोटार जिथं उभी असंल, तिथलीच धरणार हायत. औंदा इकडंच ठेवा."

पण कंपनीची लक्ष्मी किनवटच्या जुन्या शेडमध्ये. अमृतरावांच्या काळापासून धनत्रयोदशीला तिन्ही मोटारी तिच्यासमोर नेऊन उभ्या करायच्या आणि पाडव्यापर्यंत चाक हलवायचं नाही. यंदा दिवाळी नेमकी त्याच तारखेला धरून आली. चार दिवसांनी काय बिघडतं, असं म्हणत बाईंनी मोटारी पाठवल्या.

पाडव्याला ड्रायव्हर मारोतराव बैलगाडीनं परतले. मोटारी सीमेवरच्या नव्या नाक्यावर अडवल्या होत्या; त्या आता मुंबई राज्याच्या धरल्या होत्या.

बाई तशाच कचेरीत गेल्या. वामनराव चिडले. "मी काय सांगितलं होतं? सरकार काय तुमच्या दिवाळीसाठी थांबते?"

"चुकलं माझं."

"एक तरी मोटार ठेवायची इकडं!"

"लक्ष्मीपुढून एकलीलेच उठवू? कोणतीले?"

वामनरावांनी समोरची फाईल मिटली. मग हळूच म्हणाले, "नवीन दरखास्त द्या. हैदराबादहून हुकूम येईस्तोवर आठ-दहा महिने लागतील."

बाईंनी त्या बाकाकडे पाहिलं. बसायची फळी घासून घासून गुळगुळीत झाली होती.

बाहेर मारोतराव उभे होते. "बाई, कागद आणू का? पहिलेबी आपण करूनच राह्यलो ना!"

"किती डाव करावं, मारोतराव? मोटारी किनवटाहून भोकराकडं चालवा. कंपनी आता तिकडचीच."

"अन् तुमी?"

"माझे घरचे देव इथं हायत. मालक तुमी व्हा."

"असं काऊन बोलता? मले तर हिशेब करताबी येत नाही."

"मले तरी कुठं येत होतं?"

आता बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मारोतरावांना वाटलं. बाईंना नुसती झोप येत होती. अकरा वर्षांची. कचेरीच्या पायरीवर बसून त्यांनी वामनरावांकडून मारोतरावांच्या नावचा कागद लिहून घेतला, सही केली, आणि पुन्हा उठायचं म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. मग तशाच बसून राहिल्या. आज कुठल्याच हुकमाची वाट बघायची नव्हती.