सात माणसं, सहा जॅकेटं

परवा तलावाकाठी एक कुटुंब नावेत बसत होतं. वडील प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघत होते. ते पाहताना मला आमची धरणावरची सहल आठवली.

आम्ही सात जण होतो आणि नावाड्याकडे जॅकेटं सहाच निघाली. "एक कमी आहे. कोण थांबतंय?" त्याने विचारलं. मी दोन्ही मुलांना जॅकेट घातलं, बायकोला दिलं, मग स्वतः घातलं. भाऊ आणि वहिनीनेही चढवली. उरली कुसुमआत्या. लग्न न करता आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं होतं.

"मला कशाला ते? मी गप्प बसून राहीन," ती म्हणाली. आम्ही हसलो आणि हात धरून तिला नावेत घेतलं. काठावर तिला एकटीला सोडणं बरं दिसलं नसतं.

आपली माया कुठवर पोचते, हे एखादी वस्तू कमी पडल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे सुखरूप घरी परतलो, पण मधला एक क्षण माझ्या मनातून जात नाही.

धरणाच्या मध्यावर वारा सुटला आणि नाव डुलू लागली. आत्याने दोन्ही हातांनी फळी धरली.

"बाबा, आत्याआजीला पोहता येतं?" मुलीने विचारलं.

"नाही."

"आणि तुला?"

"येतं," मी म्हणालो.

आत्या माझ्याकडेच बघत होती. माझा हात छातीवरच्या पट्ट्याकडे गेला आणि मी तो आणखी आवळला.